आजीला आधी न्हाऊ घाल

पत्र आलंय डोंबिवलीहून. बरंच मोठं आहे, थोडं कापून देते:

"ताई नमस्कार. माझं माहेर रत्नागिरीजवळचं, सासर अकोल्याचं. सासरी महालक्ष्म्या असतात, उभ्या, लोखंडी कोठ्यांवर मुखवटे बसवून, साड्या नेसवून, धान्याच्या राशी घालून, सगळं साग्रसंगीत. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मागच्या वर्षी मोठ्या जाऊबाईंनी केलं पण यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्यामुळे मुखवटे आणि कोठ्या आमच्या वन बीएचकेत आल्यात. सासरी दरवर्षी चाळीसेक माणसं जेवायला असायची. इथे मिस्टरांचा जॉब बदलला, पगार कमी झाला, मी सकाळी सातची लोकल पकडते. कमी माणसांत केलं तर चालेल का असं नणंदेला विचारलं तर म्हणाल्या घेतला वसा टाकू नये, महालक्ष्म्या कडक असतात, कोप होतो. आणि दुसरं म्हणजे माझी आई चार वर्षांपासून, बाबा गेल्यापासून, आमच्याकडेच असते. नणंदेचं म्हणणं की तीन दिवस आईंना तुझ्या भावाकडे पाठव, सवाष्णींच्या कामात बरं दिसत नाही. आई लगेच बॅग भरायला लागली. माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते की आजी का नाही? आणि ह्या गौरी नक्की कोण, गणपतीची आई, बहिणी का लक्ष्मी? मला एकाचंही उत्तर देता येईना. मी फार देवभोळी नाहीये पण भीती वाटतेच हो. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी ती बॅग रिकामी करायला लाव. बाकीचं निवांत बोलू.

तुझं पत्र वाचून मला माझी आत्या आठवली, तेव्हा आधी तिचंच सांगते, मग देवीचं. आत्या तिशीतच विधवा झाली आणि आमच्याकडे परत आली. गौरीच्या दिवशी पहाटे चारला उठून ती सोवळ्यात स्वयंपाकाला लागायची, पुरण वाटायची, सोळा भाज्या चिरायची, वड्यांचं पीठ भिजवायची, आणि ते सगळं घरातल्या झाडून सगळ्या सवाष्णी बोटं चाटत खायच्या, देवीलाही तोच नैवेद्य. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या की आत्या उठून मागच्या खोलीत जायची आणि तिथे पाटावर बसून दुसऱ्या दिवशीच्या वालाच्या शेंगा सोलायची. कोणी जा म्हणायचं नाही, तिला सांगावंच लागायचं नाही. मी सात-आठ वर्षांची असेन, तिच्यासाठी पेढा घेऊन गेले होते तर तिच्या हाताला हिंगाचा वास आणि नखांत हळद, स्वयंपाकाची हळद बरं का, कुंकवाबरोबरची नाही. म्हणजे हाताची हळद देवीला चालत होती आणि कपाळाची चालत नव्हती. हे गणित मला तेव्हाही सुटलं नव्हतं आणि आज साठी ओलांडली तरी सुटलेलं नाही.

असो. आता मुलीचा प्रश्न, कारण तोच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर देताना तुझे बाकीचे दोन आपोआप सुटत जातात.

गौरी कोण? तर तिला सांग की तुझ्या प्रश्नात आहेत ती सगळीच उत्तरं आपल्याकडे मानली जातात. कोकणात बऱ्याच घरी ती पार्वती, लेकाच्या मागोमाग आलेली माहेरवाशीण. कुठे दोघी गणपतीच्या बहिणी. तुझ्या सासरच्या बाजूला, विदर्भ-मराठवाड्यात, त्या थेट महालक्ष्म्या, आणि त्यांच्यासोबत त्यांची बाळंसुद्धा. व्रताची म्हणून जी गोष्ट सांगतात ती अशी की असुरांच्या त्रासानं गांजलेल्या बायका महालक्ष्मी गौरीला शरण गेल्या आणि तिनं असुरांना मारून त्यांचं सौभाग्य राखलं. ही गोष्ट नणंदबाई तुला सांगतीलच त्यामुळे मीच आधी सांगून ठेवते. सौभाग्य हा शब्द ह्या सणात आहे, तो मी खोडायला बसलेली नाही.

पण नावाकडे बघ ना. ज्येष्ठा गौरी. भटजी सांगतील ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन म्हणून ज्येष्ठा, आणि ते बरोबरच आहे. अनुराधा नक्षत्रावर आणायच्या, ज्येष्ठावर पुजायच्या, मूळ नक्षत्रावर निरोप. तिथीवर नाही, नक्षत्रावर चालतं हे सगळं, म्हणून गणपती बसल्यापासून गौरी कितव्या दिवशी येणार हे दरवर्षी सारखं नसतं. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि गौरी १० ला आल्या, म्हणजे चौथ्या दिवशी, आणि २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला तर गौरी ३१ ला, म्हणजे पाचव्या दिवशी. तुला रजा टाकायची असेल तर कॅलेंडर आधी बघ, मागच्या वर्षीच्या हिशोबानं टाकू नकोस, मी एकदा टाकली होती आणि गौरी यायच्या आदल्या दिवशीच माझी रजा संपली होती.

तर ज्येष्ठा. ज्येष्ठा म्हणजे मोठी, थोरली. कोणाची थोरली? लक्ष्मीची. पद्मपुराणात कार्तिक माहात्म्यात तिची गोष्ट आहे आणि ही गोष्ट तू मुलीला नक्की सांग. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी ज्येष्ठा निघाली, म्हणून ती मोठी बहीण. पण ती पडली अलक्ष्मी. जुन्या वर्णनांत तिच्या हातात केरसुणी असते, वाहन गाढव आणि झेंड्यावर कावळा. विष्णू लक्ष्मीशी लग्न करायला निघाला तर लक्ष्मी अडून बसली, थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं होईल? (बघ, वैकुंठातसुद्धा हा प्रश्न होता, आपल्याकडच्या मावश्या उगाच बदनाम आहेत.) मग ज्येष्ठेचं लग्न उद्दालक ऋषींशी लावलं. ते तिला आश्रमात घेऊन गेले तर तिथे होमाचा धूर, वेदांचा घोष, सगळं स्वच्छ, पवित्र, आणि तिला ते सहन होईना, म्हणाली मला अशा ठिकाणी राहता येत नाही, जिथे भांडणं आहेत, कलह आहे तिथे मला ने. ऋषी म्हणाले बरं, तू ह्या पिंपळाखाली बस, मी तुझ्यासाठी जागा बघून येतो. आणि गेले ते गेलेच.

ती बसली वाट बघत. खूप वेळ झाला, कोणी येईना, रडायला लागली. तो रडण्याचा आवाज कोणाला ऐकू गेला? धाकट्या बहिणीला. लक्ष्मी विष्णूला घेऊन आली. विष्णूनं सांगितलं हा पिंपळ माझाच अंश आहे, तू इथेच राहा, आणि लक्ष्मी दर शनिवारी तुला भेटायला येईल. पिंपळाला एरवी हात लावू नये, शनिवारीच लावावा, असं आजी लोक सांगायच्या ना, त्यामागे ही कथा.

तामिळनाडूत पल्लवांच्या काळातल्या देवळांत ह्या ज्येष्ठेच्या दगडी मूर्ती आजही आहेत, म्हणजे एके काळी तिची रीतसर पूजा होत होती, नंतर हळूहळू ती मागे पडली. आणि आपल्याकडे? आपल्याकडे भाद्रपदात दोन गौरी शेजारी शेजारी उभ्या असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, एकसारख्या साड्या, एकसारखी नथ, एकसारखा नैवेद्य. आपली ज्येष्ठा गौर म्हणजे तीच अलक्ष्मी का, ह्यावर दोन्हीकडून बोलणारे लोक आहेत, मी त्या वादात पडत नाही, मी काही पंडित नाही. पण मला स्वतःला हे पटतं. जिला अशुभ म्हणून पिंपळाखाली सोडलं तिला वर्षातून तीन दिवस रांगोळीच्या पावलांवरून, ताट-चमचा वाजवत, घरात आणायचं आणि धाकटीच्या बरोबरीनं उभं करायचं, किंबहुना नाव तिचंच लावायचं सणाला. ज्या कोणी बायकांनी हे पहिल्यांदा केलं असेल त्यांना काहीतरी कळलं होतं.

आणि त्याच दोघींच्या समोरून तुझ्या आईनं बॅग उचलून जायचं?

आता तू म्हणशील ताई हे पुराणातलं झालं, नणंदेला पुराण सांगून चालत नाही. बरोबर, म्हणून कहाणी घे. ज्येष्ठा गौरीची कहाणी तुझ्या सासरीही वाचत असतील, आटपाट नगरवाली, पण ती पूजेनंतर इतक्या भराभर वाचतात की कोणाचं लक्ष नसतं, सगळ्यांचे डोळे पानाकडे. ती ह्या वर्षी नीट, हळू वाच.

काय आहे त्यात? गरीब ब्राह्मण आहे. भाद्रपद आला, घरोघरी गौरी आल्या, पोरांनी हट्ट धरला आपल्याकडेही आणा. आई म्हणते आणून काय करू, घरात काही नाही, बाबांना सांगा सामान आणायला. बापाकडे पैसे नाहीत. पोरांना नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायला खिशात दमडी नाही, म्हणून तो उठून तळ्याकडे निघतो, जीव द्यायला. सणाचा खर्च झेपत नाही म्हणून जीव द्यायला निघालेला बाप, हे कहाणीच्या सुरुवातीलाच आहे गं, आणि आपण दरवर्षी ते ऐकून पुरणपोळीवर तूप घेतो. ऋण काढून सण करू नये ही म्हण उगाच पडली नाही.

वाटेत त्याला एक म्हातारी भेटते. कहाणीत शब्द 'म्हातारी सवाशीण' असा आहे, हे मी लपवणार नाही, नाहीतर नणंदबाई पोथी काढून दाखवतील आणि तुझं तोंड बंद होईल. सवाशीण आहे, मान्य. पण तिच्या नवऱ्याचा अख्ख्या कहाणीत पत्ता नाही. एकटी बाई संध्याकाळी तळ्याच्या बाजूला फिरतेय, आणि तो ब्राह्मण तिला मिस्टर काय करतात असं विचारत बसत नाही. उलट तीच त्याची विचारपूस करते, धीर देते, आणि तो तिला घरी घेऊन येतो. बायको दिवा लावून विचारते पाहुण्या कोण, तर नवरा काय सांगतो?

आजी.

एवढंच सांगतो. तेवढ्यावर बायको आत जाते, आंबिलीला कण्या आहेत का बघायला, तर रिकामं मडकं कण्यांनी भरलेलं. पेज होते, सगळे पोटभर जेवतात, झोपतात. म्हणजे देवीचा त्या घरातला पहिला नैवेद्य काय, तर कण्यांची पेज. सोळा भाज्या नाहीत, फुलोरा नाही, चाळीस पानं तर नाहीतच नाहीत. आणि ती पेजही घरातल्या पोरांसोबत बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी सांगते मला न्हाऊ घाला, घावन-घाटलं करा, आणि नाही म्हणू नका, रडगाणं गाऊ नका. तर ब्राह्मण बायकोला सांगतो आजीबाईला न्हाऊ घाल. सगळ्यात आधी आजीची अंघोळ. मग स्वयंपाक. मग ती म्हणते उद्या खीर करा, तो म्हणतो दूध कुठून आणू, तर ती सांगते जितक्या गाई-म्हशी हव्यात तितके खुंट ठोक, दावी बांध, आणि संध्याकाळी नावं घेऊन हाका मार. तो मारतो आणि गोठा भरतो. मला ही जागा फार आवडते, नावं घेऊन हाका मारणं. अजून नसलेल्या गाईला नाव घेऊन हाक मारायची म्हणजे काय डोकं लागतं!

शेवटी ती निघते, त्याला वाटतं ही गेली की सगळं जाईल, तर ती त्याला वाळू देते, घरभर टाक, मडक्यांवर टाक, पेटीवर टाक, गोठ्यात टाक. आणि व्रत सांगते. व्रत काय, तर तळ्याच्या काठी जा, दोन खडे आण, ऊन पाण्यानं धू, ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणून मांड, पूजा कर, नैवेद्य कर, सवाष्णीची ओटी भर, जेवू घाल, निरोप दे. संपलं.

दोन खडे! तुझ्या माहेरी खड्यांच्या गौरी असतील ना? पाणवठ्यावरून मुक्यानं आणायच्या, वाटेत बोलायचं नाही, आणणारीनं मागे वळून बघायचं नाही. उभ्याच्या गौरी करणारे लोक खड्यांकडे जरा नाक मुरडून बघतात, हे काय, गरिबाघरचं, म्हणून. आणि कहाणीत खडेच आहेत. तसं बघितलं तर आपल्याकडे गौर कशाकशात असते, कुठे तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांचीच गौर करतात (तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ना, गौरही तीनच दिवस), कुठे कलशावर, कुठे कागदावर काढलेली, कुठे कोठीवर. नैवेद्याचं तर विचारूच नकोस. तुझ्या सासरी ज्वारीची आंबील आणि पुरणपोळी, तुझ्या माहेरी घावन-घाटलं, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत तिला तिखटाचा, म्हणजे मटणाचा, चिंबोऱ्यांचा नैवेद्य, मधे गणपतीला दिसू नये म्हणून पडदा धरतात! ज्या देवीला मटणही चालतं आणि कण्यांची पेजही चालते तिला तुझी मोजकी माणसं चालणार नाहीत?

कोपाचं सांगते. ह्या कहाणीत कोप नाहीये. मी शोधला. सत्यनारायणाच्या कथेत आहे, तिथे साधुवाण्याची नाव वगैरे अडचणीत येते. इथे कोणाचं काही बुडत नाही, कोणाला शाप नाही, देवी फक्त येते, जेवते, देते, जाते. 'उतू नकोस मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस' हे आदित्यराणूबाईच्या कहाणीतलं आहे, गौरीच्या नाही, आपण सगळ्या कहाण्या एकाच पातेल्यात घालून ढवळतो. आणि तरीही समजा, वसा टाकू नये हे गौरीलाही लावू. मग वसा काय तेवढं बघ. वसा म्हणजे ती आली, तिला जेवू घातलं. चाळीस पानं हा वसा नव्हे, तो तुझ्या सासऱ्यांच्या वाड्याचा मोठेपणा होता, तेव्हा वाडा होता, अंगण होतं, चुलीपुढे बसणाऱ्या सात बायका होत्या. अमक्या घरी बंद केलं तर तमकं झालं ह्या गोष्टी मीही भरपूर ऐकल्यात, पण ज्या घरी सगळं दणक्यात केलं आणि तरी नोकरी गेली, माणूस गेलं, त्या घरांची यादी कोणी करत नाही.

भीती वाटते म्हणालीस, त्यावर मी हसणार नाही. मलाही वाटते. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या मुखवट्याचा नाकाजवळचा टवका उडाला होता तर मी रात्रभर जागी होते, सकाळी सासूबाईंनी मेणानं चिकटवला आणि म्हणाल्या तिला नथ घाल, दिसणार नाही. बास.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

मुखवटे उभे कर. खड्यांचं एवढं कौतुक केलं म्हणून सासरचे मुखवटे माळ्यावर टाकू नकोस, ते जाऊबाईंनी विश्वासानं पाठवलेत आणि त्यांच्या मनात सासूबाई तिथेच आहेत. कोठ्या वन बीएचकेत मावत नसतील तर टीव्ही युनिट तीन दिवस बेडरूममध्ये ढकल, दुसरा उपाय नाही, गौरी काही सोफ्यावर बसत नाहीत. आंबील, पुरण, एक कढी, आणि सोळा भाज्या सोळा वेगवेगळ्या नाहीत करायच्या, सगळ्या थोड्या थोड्या घेऊन एकच मिसळीची भाजी करतात, भाजीवाल्याला दोन दिवस आधी सांग म्हणजे तो चिमूट चिमूट बांधून देतो. फुलोरा, म्हणजे वेणी-फणी-करंज्या, हे आदल्या रविवारी तळून डब्यात. जेवायला घरचे आणि एक सवाष्ण. बाकीच्यांना संध्याकाळी दर्शनाला बोलव, चहा आणि करंजी. ह्यानं चाळीसही येतील आणि पानं मोजकीच पडतील.

जाऊबाईंना फोन कर, नणंदेच्या आधी. हे फार महत्त्वाचं, क्रम चुकवू नकोस. ताई तुमच्याकडे कसं करायचे, आंबिलीला ताक किती, दोऱ्याच्या सोळा गाठी कशा मारायच्या, असं सगळं विचार, आणि त्याच फोनवर सांगून टाक की माणसं कमी बोलावतेय. ज्या बाईनं स्वतः चाळीस पानं वाढून गुडघे घालवलेत ती तुला नाही म्हणणार नाही, माझी पैज. आणि पूजेच्या वेळी व्हिडिओ कॉल लाव त्यांना.

नणंदेशी वाद घालू नकोस. अलक्ष्मी, पद्मपुराण, पल्लव वगैरे काही काढू नकोस, ते मुलीसाठी आहे. नणंदबाईंना एवढंच सांग, "वन्सं, आई इथेच राहणार आहे, तुम्ही पूजेला नक्की या, तुमच्याशिवाय मला जमणार नाही." पहिलं वाक्य सांगायचं, विचारायचं नाही. त्या कदाचित येणार नाहीत. नाही आल्या तर नाही आल्या, पुरणपोळ्या डब्यात घालून नवऱ्याच्या हाती पाठव. हो, नवऱ्याच्या हाती. ह्या सगळ्या पत्रात त्याचा उल्लेख फक्त पगार कमी झाला एवढाच आहे, तो तोंडात काय धरून बसलाय? बहीण त्याची आहे, तर 'सासूबाई घरातच राहतील' हे त्यानं म्हणायला हवं, तू नाही. कहाणीतल्या ब्राह्मणानंसुद्धा बायकोला स्वतःच सांगितलं, ही आजी आहे, हिला न्हाऊ घाल.

आणि तुझी आई. तिची समजूत काढणं सगळ्यात अवघड, कारण तिला कोणी हाकललेलं नाही, ती स्वतःच बॅग भरतेय, माझ्या आत्यासारखी. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. अख्ख्या महाराष्ट्रात गाजलं ते, नंतर सरकारनंही बाकी ग्रामपंचायतींना असंच करायला सांगितलं. मी तेव्हा खूप खूश झाले होते, आजही आहे. पण ठराव ग्रामसभेत होतो आणि बाई मागच्या खोलीत स्वतःहून जाते, तिथे कुठला ठराव पोचणार. तिथे नातच पोचते.

म्हणून असं कर. पूजनाच्या दिवशी सकाळी, सगळ्यात आधी, आईला न्हाऊ घाल. खरोखर. तेल लाव, उटणं लाव, गरम पाणी घाल पाठीवर, मुलीला तांब्या धरू दे. वेळ नाही म्हणू नकोस, लोकल त्या दिवशी नाहीये. आई म्हणेल हे काय वेड्यासारखं, तर सांग कहाणीत आहे. मग तिला नवी साडी नेसायला दे, तुझी वापरलेली नको, नवी. आणि कहाणी तिला वाचायला सांग, कोकणी माणसाच्या तोंडी घावन-घाटलं हा शब्द शोभतोही जास्त. ती नको म्हणेल, पहिल्यांदा म्हणेलच, तर पोथी मुलीच्या हातात दे आणि अडेल तिथे आजीला विचार असं सांग. पहिल्याच पानावर अडेल बघ, इंग्लिश मीडियम ना? मग आजी वाचेलच.

हळदीकुंकवाचं मी तुझ्यावर सोडते. आईला कुंकू लावायचं का, ओटी भरायची का, हे तिला आवडेल का ते तुला माहीत. काही बायकांना सगळ्यांसमोर असं केलेलं नको वाटतं, त्यांना आपण कोणाच्या तरी पुरोगामीपणाचं प्रदर्शन झालो असं वाटतं आणि ते खरंही असतं कधीकधी. माझ्या आत्याला शेवटच्या वर्षी माझ्या आईनं स्वयंपाकघरातच, कोणी नसताना, बोटानं हळद लावली होती कपाळाला. आत्यानं पुसली नाही, पण बाहेरही आली नाही. तुझ्या आईला विचार, कानात विचार, आणि ती म्हणेल तसं कर. फक्त ती घरात असेल, पाटावर असेल आणि पहिल्या पंगतीला जेवेल, ह्याला पर्याय ठेवू नकोस.

नैवेद्यात एक घाटलं वाढव तिच्या हातचं. तांदळाची पिठी, गूळ, नारळाचं दूध, वेलची, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी झाली की संपलं. आणि दोन घावन, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा असेल तर उत्तम, नॉनस्टिकवर जाळी पडत नाही नीट. अकोल्याच्या महालक्ष्म्यांना रत्नागिरीचं घाटलं चालतं का असं कोणी विचारलं तर म्हण, कहाणीत तेच आहे, आंबीलही आहे आणि घाटलंही आहे, दोन्ही एकाच घरात.

तिसऱ्या दिवशी मुखवटे अक्षता टाकून जागचे हलवशील, निर्माल्य द्यायला जाशील, तेव्हा येताना वाळू आणायची असते, घरभर टाकायला. डोंबिवलीत वाळू कुठून आणू हे विचारशीलच म्हणून आधीच सांगते, सोसायटीत कुठे ना कुठे रिनोव्हेशन चालू असतंच, तिथून मूठभर घे, विचारून घे, धुऊन घे. आणि ती मुलीला आणि तिच्या आजीला टाकू दे. तांदळाच्या डब्यावर, कपाटावर, तुझ्या लॅपटॉपवर नको, बाकी कुठेही.